माळ्यावरचा टीव्ही दुरुस्त करताना

पिक्चर ट्यूबचा टीव्ही आपलं दुखणं आपल्याच तोंडाने सांगतो. पडद्यावर एकच आडवी रेघ आहे, चित्र तिरकं फाटतंय, आवाज येतोय पण पडदा काळा आहे, यातलं काय दिसतं त्यावरून बिघाड कुठल्या भागात आहे हे मागचं झाकण न काढताही बरंचसं कळतं. सपाट टीव्हीत ही सोय राहिली नाही. तिथे बोर्ड बदलतात किंवा पॅनेल बदलतात, आणि पॅनेलची किंमत ऐकून गिऱ्हाईक नवा संच घेतो. बारामतीच्या बाजारपेठेत टीव्ही दुरुस्तीच्या टेबलावर माझी उमेद गेली. ज्यांच्या माळ्यावर असा एखादा संच अजून पडून आहे, आणि ज्यांना सोल्डरिंग आणि मल्टिमीटर नीट हाताळता येतं, त्यांच्यासाठी ही कृती लिहितो आहे. ज्यांनी आजवर मीटर हातात धरलेला नाही त्यांनी बाहेरची तपासणी जरूर करावी, पण झाकण उघडू नये. शेजारी जाणकार माणूस बसवून शिकावं.

उदाहरण म्हणून १९८० च्या दशकातला वीस इंची ब्लॅक अँड व्हाइट संच धरतो. लाकडी कॅबिनेट, पुढे सरकती दारं, आत ट्रान्झिस्टर आणि आयसी. ईसी, टेलिव्हिस्टा, क्राउन, डायनोरा, वेस्टन, नाव कुठलंही असो, आतलं काम पुष्कळसं सारखं. रंगीत संचात जिथे फरक पडतो तिथे तो सांगत जाईन.

आधी जिवाचं

वीस इंची ब्लॅक अँड व्हाइट ट्यूबला पंधरा ते अठरा हजार व्होल्ट लागतात, रंगीत ट्यूबला पंचवीस हजारांच्या आसपास. यालाच आम्ही ईएचटी म्हणतो. ट्यूबच्या काचेला आतून आणि बाहेरून काळ्या ग्राफाइटचा लेप असतो, मधे काच. म्हणजे ट्यूब हाच एक मोठा कंडेन्सर झाला. संच बंद केला, प्लग काढला, तरी तो भरलेला राहतो. ब्लॅक अँड व्हाइट संचात तर तो कित्येक दिवस भरलेला सापडतो. त्याचा झटका बसला की हात आपोआप जोरात मागे येतो आणि चेसिसच्या पत्र्यावर कापतो किंवा ट्यूबच्या मानेवर आदळतो. झटक्यापेक्षा या आदळण्याने जास्त नुकसान होतं.

दुसरा धोका चेसिसचा. या संचांत बहुधा मेन ट्रान्सफॉर्मर नसतो, त्यामुळे घरातला २३० व्होल्टचा करंट थेट चेसिसवर असू शकतो. काही संचांत प्लग उलटा केला की चेसिस मोकळी होते, काहींत दोन्ही बाजूंनी ती जिवंतच राहते. म्हणून चालू संचावर काम करायचं तर आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर हवाच. सिरीजचा दिवा (त्याचा बोर्ड पुढे सामानात सांगतो) हे काम करत नाही. दिवा फक्त करंट रोखतो, तुम्हाला वाचवत नाही. हा गैरसमज आजही पुष्कळांच्या डोक्यात आहे.

तिसरा धोका काचेचा. ट्यूबच्या आत निर्वात पोकळी असते. हवेचा दाब दर चौरस सेंटिमीटरला साधारण एक किलो, आणि वीस इंची पडद्याचं क्षेत्रफळ बाराशे चौरस सेंटिमीटरच्या वर, म्हणजे नुसत्या पडद्यावर एक टनाहून जास्त भार सतत असतो. पुढची काच जाड असते, मान मात्र पातळ. ट्यूब कधीही मानेला धरून उचलायची नाही, मानेजवळ जड पक्कड फिरवायची नाही, आणि डोळ्यांवर चष्मा असल्याशिवाय ट्यूब कॅबिनेटमधून काढायची नाही.

अंगठी, घड्याळ, गळ्यातली साखळी काढून ठेवा. पायात रबरी चप्पल, खाली कोरडी लाकडी फळी. चालू संचात हात घालायची वेळ आलीच तर एकच हात घाला, दुसरा पाठीमागे ठेवा. आमचे वस्ताद नवशिक्याचा डावा हात पँटच्या खिशात घालायला लावायचे आणि तो बाहेर आला की त्या दिवशी टेबलावरून उठवायचे. आणि एकटे असताना हे काम करू नका.

सामान

मल्टिमीटर, पंचवीस वॅटचा सोल्डरिंग आयर्न, साठ-चाळीसचं सोल्डर, डी-सोल्डर पंप, मऊ रंगाचा ब्रश, भिंगाचा चष्मा. याखेरीज चार गोष्टी अशा, ज्या घरी करून किंवा जमवून घ्याव्या लागतात.

पहिली सिरीज बोर्ड. एका होल्डरमध्ये शंभर वॅटचा तारेचा बल्ब आणि त्याच्या सिरीजमध्ये सॉकेट. एलईडी बल्ब चालत नाही. रंगीत संचासाठी दोनशे वॅटचा बल्ब ठेवा, कारण शंभराच्या बल्बवर त्याचा पॉवर सप्लाय पुष्कळदा उभाच राहत नाही.

दुसरी डिस्चार्जची तार. लांब दांड्याचा, जाड मुठीचा स्क्रू ड्रायव्हर घ्या. त्याच्या दांड्याला एक मेगओहमचे चार-पाच रेझिस्टन्स एकापुढे एक जोडा, त्यांवर जाड स्लीव्ह चढवा आणि शेवटी लवचिक वायर लावून टोकाला मगर क्लिप बसवा. दुकानांत नुसता स्क्रू ड्रायव्हर चेसिसला टेकवून ठिणगी काढायची पद्धत होती. व्हॉल्व्हच्या संचांना ते सोसायचं. आयसीच्या संचात त्या ठिणगीने चांगला भाग उडू शकतो, म्हणून रेझिस्टन्स हवेतच.

तिसरी वस्तू प्लॅस्टिकचा स्क्रू ड्रायव्हर, कॉइलच्या आतले फेराइटचे खिळे फिरवायला. लोखंडी टोकाने ते तडकतात, आणि तडकलेला खिळा बाहेर काढणं फार जिकिरीचं.

चौथा आरसा. न्हाव्याच्या दुकानात असतो तसा हातभर उंचीचा. मेकॅनिक संचाच्या मागे बसतो आणि चित्र पुढे दिसतं. पडद्यासमोर आरसा टेकवून ठेवला की मागून प्रीसेट फिरवताना पडदा समोर दिसत राहतो. आरसा नसेल तर माणूस एका हाताने प्रीसेट फिरवत मान वळवून पुढे डोकावतो, आणि नेमका तेव्हाच हात नको तिथे लागतो.

उघडण्यापूर्वी

माळ्यावरून काढलेला संच लगेच प्लगला लावू नका. दोन-तीन दिवस कोरड्या, हवेशीर जागी सावलीत राहू द्या. कोकणातून, गोव्यातून आलेल्या संचाला आणखी वेळ द्या. ओलसर धुळीवरून ईएचटी गळते आणि चालू करताच आत सरसर आवाज होऊन निळ्या रेषा दिसतात. मालकाला विचारा, शेवटचा कधी चालला होता, बंद पडताना काय झालं होतं. एकदम बंद पडला, की हळूहळू चित्र लहान होत गेलं? वास आला होता का? या दोन-तीन उत्तरांनी अर्धा तास वाचतो. गिऱ्हाइकाचे शब्द नीट ऐकावेत. “अहो टीव्हीवाले, माणसं दिसतात, पण सगळी बुटकी झालीत,” असं एक आजीबाई सांगत आल्या होत्या. एवढं वर्णन पुरेसं होतं. त्या संचाचं पुढे सांगतो.

झाकण काढून

प्लग भिंतीतून काढलेला आहे हे डोळ्यांनी पाहा. मागचे स्क्रू काढून झाकण सरळ मागे ओढा. तिरकं ओढलं तर मानेवरच्या सॉकेटला धक्का लागतो. ट्यूबच्या पाठीवर स्प्रिंगने ताणलेली उघडी वेणीची तार दिसेल. ती बाहेरच्या काळ्या लेपाला टेकलेली असते. मगर क्लिप त्या तारेला पक्की लावा. मग एका हाताने स्क्रू ड्रायव्हरचं टोक ट्यूबच्या पाठीवरच्या रबरी टोपीखाली हळूच सरकवा, आतल्या धातूच्या चिमट्याला लागेपर्यंत. पाच-दहा सेकंद तसंच धरा. मग पाच मिनिटं थांबून पुन्हा करा. काच थोडा चार्ज धरून ठेवते आणि तो नंतर वर येतो, म्हणून एकदा करून भागत नाही. रंगीत संचात पॉवर सप्लायचा मोठा फिल्टर कंडेन्सरही उतरवावा लागतो. त्यावर सव्वातीनशे व्होल्टपर्यंत भरलेलं असतं. बल्बच्या होल्डरच्या दोन वायरी त्याच्या पायांना टेकवा आणि मीटरने शून्य पाहूनच पुढे जा.

आता सफाई. कोळिष्टकं, झुरळांची अंडी, कधी उंदराचं घरटं. मऊ ब्रशने आणि ब्लोअरने धूळ काढा. ईएचटीच्या वायरीवरची, रबरी टोपीखालची आणि टोपीभोवतीच्या काचेवरची धूळ आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून पूर्ण वाळू द्या. आमच्या काळात या कामाला कार्बन टेट्राक्लोराइड वापरायचे. प्रत्येक दुकानात सीटीसीची बाटली असे आणि तिचा गोडसर वास दिवसभर दरवळत असे. तो द्राव यकृताला घातक आहे. जुन्या मेकॅनिकच्या कपाटात ती बाटली सापडली तर उघडू नका.

धूळ गेली की भिंगाचा चष्मा लावून बोर्डाची सोल्डरची बाजू पाहा. घाई करू नका, कारण माझ्या मते या संचांचे निम्मे आजार याच बाजूला असतात. जे भाग जड आहेत किंवा तापतात, त्यांच्या पायांभोवती सोल्डरमध्ये केसाएवढी काळी गोल चीर पडते. याला ड्राय सोल्डर म्हणतात. संच तापतो, थंड होतो, पाय आत-बाहेर सरकतो, वर्षानुवर्षं हे चाललं की सोल्डर सुटतं. ईएचटी ट्रान्सफॉर्मरचे पाय, लाइनच्या म्हणजे रेघा काढणाऱ्या भागाचा आउटपुट ट्रान्झिस्टर, ड्रायव्हर ट्रान्सफॉर्मर, योकची (मानेवरच्या गुंडाळ्यांची) पिन, ट्यूबचं सॉकेट, वायरवाउंड रेझिस्टन्स, हे आधी बघा. वरून नवं सोल्डर थापून उपयोग नाही. जुनं पंपाने ओढून काढा, पाय ब्लेडने खरवडून चकचकीत करा, मग नवं भरा. “हापटल्यावर टीव्ही लागतो” असं जे घरोघर म्हणत, ते याच चिरेमुळे. धक्क्याने पाय पुन्हा टेकतो.

मीटर आणि सिरीज

करंट देण्याआधी बंद संचावर मीटरने तीन गोष्टी तपासा. फ्यूज, रेक्टिफायर डायोड (या संचांत बहुधा बीवाय १२७) आणि लाइन आउटपुट ट्रान्झिस्टर, म्हणजे बीयू २०५ किंवा त्याच्या घराण्यातला. कलेक्टर-एमिटर दोन्ही बाजूंनी शून्य दाखवत असेल तर तो गेला. रंगीत संचातल्या बीयू ५०८ डी मध्ये आतच डायोड आणि बेस-एमिटरमध्ये रेझिस्टन्स असतो, म्हणून त्याचा बेस-एमिटर कमी ओहम दाखवतो. तो चांगला असतो. नवशिके तो खराब समजून फेकतात.

हा ट्रान्झिस्टर गेलेला सापडला तर लगेच नवा घालून संच चालू करू नका. तो का गेला हे आधी शोधा. त्याच्या कलेक्टरपाशी सोळाशे ते दोन हजार व्होल्टचा, काही नॅनोफॅराडचा एक कंडेन्सर असतो. तो उघडा पडला की ईएचटी भलतीच वाढते आणि नवा ट्रान्झिस्टर क्षणात उडतो. तिथे त्याच मूल्याचा आणि त्याच व्होल्टचा कंडेन्सर लागतो. जवळपासचा काहीतरी लावून चालवायचं नाही. ईएचटी प्रमाणाबाहेर गेली तर ट्यूबमधून क्ष-किरण बाहेर पडू शकतात. रंगीत संचात त्यासाठी संरक्षणाचं सर्किट असतं आणि संच आपोआप बंद होतो. ते सर्किट तोडून संच “चालू करून देणारे” मेकॅनिक मी पाहिले आहेत. हे कधीच करू नये. ट्रान्झिस्टर बसवताना हीट सिंकवर मायका वॉशर आणि सिलिकॉन ग्रीस लावा आणि बसवून झाल्यावर कलेक्टर हीट सिंकला शॉर्ट नाही ना, हे मीटरने पाहा.

आता सिरीजवर करंट द्या. बल्ब क्षणभर उजळून मंद झाला तर ठीक. रंगीत संचात ट्यूबचं चुंबकत्व उतरवणाऱ्या डिगॉसिंग कॉइलमुळे तो सुरुवातीला जरा जास्त वेळ उजळतो. बल्ब पूर्ण उजेडाने पेटलेलाच राहिला तर आत शॉर्ट आहे. ताबडतोब बंद करा. बल्ब अजिबात पेटला नाही तर करंट आतच जात नाही. सगळं ठीक वाटलं तर मेन सप्लायचं डीसी व्होल्टेज मोजा. वीस इंची संचात ते शंभर ते सव्वाशेच्या आसपास असतं, नेमका आकडा सर्किट डायग्रामवर किंवा बोर्डवरच छापलेला असतो. बल्ब सिरीजमध्ये असताना ते कमी दिसणारच. दोन गोष्टी साध्या मीटरने कधीही मोजू नका, ईएचटी आणि लाइन आउटपुट ट्रान्झिस्टरचा कलेक्टर. कलेक्टरवरच्या झटक्यांची उंची हजार व्होल्टच्या वर जाते, मीटरही जाईल आणि हातही.

पडदा वाचा

सिरीज काढून संच चालवला की खरा निदानाचा भाग सुरू होतो. आपल्याकडच्या पद्धतीत चित्र ६२५ आडव्या रेघांचं आणि सेकंदाला २५ चित्रं, म्हणजे रेघा काढणारा भाग सेकंदाला १५,६२५ वेळा काम करतो. त्याची बारीक शिट्टी लहान मुलांना ऐकू येते, वय झालेल्यांना येत नाही. मी अलीकडे नातवाला विचारतो. दुसरी खूण म्हणजे वर्तमानपत्राचा कपटा. पडद्यावर तो चिकटून राहिला तर ईएचटी आहे. तिसरी, मानेत पाहा, नारिंगी फिलामेंट दिसायला हवं. आवाज आहे, पडदा काळा, कपटा चिकटत नाही, फिलामेंट पेटत नाही: बिघाड लाइनच्या भागात. कपटा चिकटतो, फिलामेंट पेटतं, तरी काळा: ट्यूबच्या सॉकेटवरची व्होल्टेज बघा.

पडद्यावर मधोमध एकच झगझगीत आडवी रेघ दिसली तर आधी ब्राइटनेस कमी करा, नाहीतर तिथला फॉस्फर जळून कायमचा डाग पडेल. बिघाड व्हर्टिकलमध्ये आहे: आयसी, त्याचा सप्लाय, योकची पिन, किंवा योककडे जाणारा कंडेन्सर. उभी रेघ असेल तर योकच्या आडव्या गुंडाळीचा रस्ता तुटला आहे. चित्र वर-खाली पळत असेल तर व्हर्टिकल होल्ड, तिरक्या पट्ट्यांनी फाटत असेल तर हॉरिझॉन्टल होल्ड. दोन्ही प्रीसेट घाण धरतात, नुसते फिरवून-पुसून अनेकदा काम भागतं. चित्राच्या कडा सापासारख्या हलत असतील तर फिल्टर कंडेन्सर वाळला. ब्राइटनेस वाढवला की चित्र फुगत असेल तर ईएचटी रेक्टिफायर थकला. पडदा उजळ पण चित्र नाही, नुसत्या मुंग्या: ट्यूनर किंवा त्याच्या आधीचं काही.

रंगीत पडद्यावर कोपऱ्यात हिरवा-जांभळा डाग असेल तर बहुधा कोणीतरी शेजारी मोठा स्पीकर ठेवलेला असतो. स्पीकर हलवूनही डाग राहिला तर डिगॉसिंग कॉइलचा पॉझिस्टर बघा.

आता आजीबाईंचा संच. चित्र खालून वर सरकलं होतं आणि खालच्या कडेला दुमडल्यासारखं दिसत होतं. हाइटचा प्रीसेट फिरवून माणसं थोडी उंच झाली, पण दुमड तशीच. ही वाळलेल्या कंडेन्सरची खूण. संच उघडल्यावर व्हर्टिकल आयसीपासून योककडे जाणारा हजार मायक्रोफॅराडचा कंडेन्सर नेमका वायरवाउंड रेझिस्टन्सला चिकटून उभा होता. त्याचं प्लॅस्टिकचं वेष्टण उष्णतेने आक्रसून वरच्या कडेपासून खाली सरकलं होतं आणि तळाशी तपकिरी डाग आला होता. खात्री करायला संच बंद करून त्याच्या पायांना समांतर, प्लस-मायनस बघून, नवा कंडेन्सर चिकटवला आणि संच चालू केला. आरशात माणसं एकदम पूर्ण उंचीची झाली. मग जुना काढून १०५ अंशांचा, व्होल्टेज रेटिंग एक पायरी वरचं घेऊन नवा बसवला, पण जुन्या जागी नाही. पाय थोडे लांब ठेवून, त्यांवर स्लीव्ह चढवून तो रेझिस्टन्सपासून दूर आडवा केला. कारखान्याने जिथे ठेवला तिथे पुन्हा ठेवला असता तर तो पुन्हा वाळला असता. पार्ट बदलताना तो का गेला याचं उत्तर बोर्डवरच सापडतं, आणि ते सापडेपर्यंत दुरुस्ती पूर्ण झालेली नसते. हाच विचार सगळ्या बिघाडांना लावा.

काही जण जुना संच मिळाला की सगळेच इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर सरसकट बदलतात. मला ते पटत नाही. ताप सोसणारे, फिल्टरचे आणि व्हर्टिकलचे जरूर बदला. बाकी चांगले असतील तर हात लावू नका. जुन्या बोर्डाचा तांबा उपटून येतो आणि नवाच बिघाड तयार होतो.

ट्यूब थकली असेल तर

चित्र उशिरा येतं, फिकं, चंदेरी दिसतं, कॉन्ट्रास्ट वाढवला की पांढरा भाग चकाकतो आणि तपशील हरवतो, ही थकलेल्या ट्यूबची लक्षणं. ईएचटी ट्रान्सफॉर्मरच्या गाभ्यावर वायरचा एखादा वेढा वाढवून फिलामेंटला थोडं जास्त व्होल्टेज द्यायची युक्ती आम्ही सगळेच करत होतो. चित्र सुधारतं, पण ट्यूबचं उरलेलं आयुष्य भराभर संपतं. सण किंवा लग्न निभावून न्यायचं असेल तेव्हा गिऱ्हाइकाला स्पष्ट सांगून हे केलं जाई. आज करू नये, कारण नवी ट्यूब मिळणार नाही. भारतातले पिक्चर ट्यूबचे कारखाने केव्हाच बंद झाले आहेत. दुसऱ्या बंद संचातली चांगली ट्यूब हाच उपाय. थकलेली ट्यूब भंगारवाल्याला देऊन फोडू देऊ नका. तिच्या काचेत शिसं असतं. ई-कचरा घेणाऱ्या अधिकृत केंद्राकडे द्या.

चित्र बसवणं

बिघाड गेला की हाइट, व्हर्टिकल लिनिअॅरिटी, विड्थ आणि मानेवरच्या सेंटरिंगच्या दोन कड्या, या क्रमाने चित्र बसवा. पूर्वी कार्यक्रम सुरू होण्याआधी दूरदर्शन टेस्ट पॅटर्न दाखवत असे आणि तेवढ्या वेळात दुकानातले सगळे संच लावून घ्यायची घाई असे. त्यातलं वर्तुळ चारही बाजूंनी गोल आलं की हात काढायचा. आता डीव्हीडी प्लेअरवरून वर्तुळाचं आणि चौकटींचं चित्र दाखवून तेच काम होतं. मग झाकण लावून संच निदान चार-पाच तास सलग चालवा. उघडा चाललेला संच झाकण लावून तापल्यावर बिघडतो, हे नेहमीचं. १९८७-८८ च्या रामायणाच्या दिवसांत रविवार सकाळच्या आधी संच हवा म्हणून शनिवारी रात्रीपर्यंत रांग लागायची. तरीही वस्ताद पुरेसा वेळ चालवून पाहिल्याशिवाय संच गोधडीत गुंडाळून सायकलवर चढवू देत नसत.

राहिला सिग्नल. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं, आणि पुढे त्याचं सहक्षेपण सिंहगडावरून होऊ लागलं. बारामतीत अँटेनाचं तोंड पश्चिमेला, जरासं उत्तरेकडे करून आम्ही ते पकडत होतो. ‘आमची माती, आमची माणसं’ लागलं की शेतकऱ्यांच्या घरी मुंग्या चालत नसत, तेव्हा बूस्टर आणि उन्हाने तडकलेली चपटी वायर बदलणं हा आमचा मोठा धंदा होता. ती अॅनालॉग प्रक्षेपणं आता जवळजवळ सगळीकडे बंद झाली आहेत. संचाला मागे एव्ही सॉकेट असेल तर सेट टॉप बॉक्स थेट जोडा. ब्लॅक अँड व्हाइट संचाला ते नसतं. मधे आरएफ मॉड्युलेटर लागतो. बारा चॅनेलचा फिरता ट्यूनर फक्त व्हीएचएफ पकडतो, आणि बाजारातले बरेच मॉड्युलेटर यूएचएफ देतात. म्हणून घेताना व्हीएचएफ आणि पाल बी-जी असंच मागा. पद्धत दुसरी असेल तर चित्र दिसतं आणि आवाज येत नाही, आणि मग तासन् तास साउंडच्या भागात नसलेला बिघाड शोधत बसावं लागतं.

पार्ट अजून मिळतात. मुंबईत लॅमिंग्टन रोडला, पुण्यात बुधवार पेठेत पासोड्या विठोबाच्या आसपास विचारा. जुने दुकानदार ड्रॉवर उघडून देतात. मात्र चमकदार नव्या छापाचे ट्रान्झिस्टर जपून घ्या, त्यांत नकली फार. जुन्या बंद बोर्डवरचा काढलेला अस्सल पार्ट मी त्याहून बरा मानतो.

पार्टपेक्षा दुर्मीळ झाली आहे ती माहिती. वस्तादांनी आम्हाला वहीची सवय लावली होती. डावीकडे संचाचं नाव आणि मॉडेल, मधे लक्षण, उजवीकडे काय सापडलं आणि कुठल्या पिनवर किती व्होल्ट होते. प्रत्येक गावातल्या जुन्या मेकॅनिककडे अशा वह्या आणि घड्या पडून फाटलेले सर्किट डायग्राम होते. दुकानं मोबाइलची झाली, डिशची झाली, आणि त्या वह्या माळ्यावर गेल्या. तुमच्या घरात, नात्यात कोणी हे काम केलं असेल तर त्या वह्या रद्दीत घालू नका. पानापानाचे फोटो काढून ठेवा आणि जो हे काम शिकू पाहतो आहे त्याच्या हाती द्या.